यादी

पाषाणला, दोन दारांच्या आड,
भिंतीतला पंखा दिवसभर घुमतो अशा खोलीत मी बसते.
बाटलीच्या तळाला चिकटलेल्या
कुणा परदेशी माणसाच्या यकृतातल्या पेशी.
त्याचं नाव मला माहीत नाही.
गुलाबी पाण्यात त्या अजून वाढताहेत,
दर तीन दिवसांनी मी त्यांचं पाणी बदलते.

डेंगी सोडून छत्तीस तास झाले.
लाल रंग टाकला, धुतला, पुन्हा धुतला,
काच भिंगाखाली सरकवली.
निरोगी पेशींत चरबीचे थेंब कसे दिसतात,
बरणीत रवाळ झालेल्या तुपासारखे.
या पेशींत निम्मेही नाहीत.
"जाळले," मास्कच्या आतून मणेर मॅडम म्हणाल्या,
"पेशीनंच. पाहुण्यासाठी."

पाहुण्यापाशी स्वतःचं काही नसतं.
चूल नाही, पातेलं नाही, चमचाभर तेल नाही.
दहा-अकरा हजार अक्षरांची यादी फक्त.

माझे वडील, गणपुले आचारी.
नारायण पेठेतल्या कार्यालयापासून वाकडच्या लॉनपर्यंत
परक्या चुलींवर त्यांचं आयुष्य गेलं.
काखेत झारा, खिशात यादी:
डालडा एक डबा, साजूक तूप चार किलो,
गोडं तेल वेगळं, आणि खाली रेघ मारून,
"जास्तीचं असू द्या, कमी पडलं तर अब्रू तुमची."
यजमान धावत जाऊन आणायचे.
मग हे मागच्या अंगणात दोरी बांधायचे,
घरातल्याच चादरी टाकून आडोसा करायचे.

पेशीच्या पोटातही चरबीचे पडदे आहेत, घडीवर घडी.
यादी तिथं पोचते
आणि पडद्याला आत खळगे पडू लागतात,
एकेका खळग्याला अरुंद तोंड.
आत काय शिजतंय
त्याचा वास पहारेकऱ्यांना लागत नाही.
पडदा अपुरा पडला
तर चरबी घडवणारे हातसुद्धा तिथंच ओढून आणतात:
इथं बसा. विणा.

भाद्रपदात वडील स्वतःच तापले.
प्लेटलेट बावीस हजार, दंडावर जांभळे ठिपके,
तिसऱ्या दिवशी जरा शुद्धीत बोलू लागले
तेव्हा विचारलं, "तू तिथं नेमकं बघतेस काय?"
मी सांगितलं, थेंबांचं, पडद्यांचं,
आणि निघताना तो त्या घरच्याच चरबीची चादर
पांघरून बाहेर पडतो, तेही.
"तेल गेलं, तूप गेलं," ते पुटपुटले.
धुपाटण्यापर्यंत पोचले नाहीत, धाप लागली.

मग बऱ्याच वेळानं, सलाईनकडे बघत,
"माझ्यासारखाच की गं."
मी म्हटलं, छे, तुम्ही पाचशे पानं उठवायचात.
त्या घरचे लोक जेवायचे.
"आणि डब्याच्या तळाशी उरलेलं?
रात्री एकला, फडक्यात बांधून, कोण आणायचं?
तू कशावर वाढलीस?"

शेजारच्या खाटेवरचा मुलगा मोबाईल बघत होता.
नर्स आली, बाटली बदलून गेली.

घरी सोडताना कागद मिळाला:
यकृताला सूज, तेलकट-तुपकट वर्ज्य.
त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.
"ही यादी कुणा आचाऱ्यानं लिहिलेली नाही."
मऊ भात, वर काहीच नाही.
ताटाच्या मधोमध बोटानं खळगा केला
आणि तसेच बसून राहिले.

आज पुन्हा सोमवार. पाणी बदलायचंय.
बाटली उजेडात धरली की तळाशी
एक पुसटसा, तेलाच्या डागासारखा थर दिसतो.
एवढंच अंग उरलंय त्या माणसाचं.
मी विचारून घेतलेलं नाही.
वहीत आजची यादी लिहिते, तारीख घालते,
आणि सवयीनं
खाली एक रेघ मारते.